मांजराचा फोटो

बसा पावणं, बसा. दार वाजवू नगा. दस्तगीर मास्तर आतच हायती, खरं ऊन त्या स्टुडिओच्या वरच्या काचेवर आल्याबिगर ते कडी काढायचे न्हाईत. कलेक्टर आला तरी न्हाय. बिद्रीसनं आलासा म्हणता? पोरीकडच्यांनी आधी फोटो मागितलाय? मग तर बसाच. टोपी काढा, घाम पुसा, तोंड जरा निवू द्या. मी च्या टाकतो.

तवर एक गोष्ट सांगतो, मांजराच्या फोटोची. आत गेल्यावर मास्तर सोताच तुमास्नी ती सांगतील, हरेक गिऱ्हाइकाला सांगत्यात. खरं त्येंच्या तोंडनं ऐकायच्या आधी या पिराजीकडनं ऐका. का, ते तुमचं तुमास्नी कळंल.

ती पलीकडं लाल भित दिसतीया न्हवं, ती आमच्या गल्लीची तालीम. खाली पैलवानांचा हौदा, वर माडी. सात वर्सांमागं त्या माडीवर दर ऐतवारी सकाळी मास्तर पोरास्नी फोटो काढायला शिकवायचे. तालमीच्या मंडळानं काढलेला वर्ग त्यो. कुठल्या तालमीत लेझीम, कुठल्या तालमीत मल्लखांब, आमच्या तालमीत फोटो. लोक हसायचे. खाली शड्डू ठोकल्याला आवाज, आणि वर मास्तर पोरांच्या म्होरं उभं राहून वरडायचे,

“कॅमेरा कुठं धरायचा?”

“पोटाशी!”

“श्वास?”

“दाबून!”

“सूर्व्या?”

“पाठीमागं!”

“भिंगात डावीकडं दिसतंय ते कुठं आसतंय?”

“उजवीकडं!”

“आणि गुंड्याचं डोकं कुठं आसतंय?”

“म्हशीपाशी!”

गुंड्या म्हंजी गवळ्याचं पोर. त्यालाबी हसू यायचं. कवाबी इचारा, गुंड्या तू कशाचा फोटो काढणार, तर म्हशीचा. दुसरं डोक्यातच न्हाय.

कॅमेरा म्हंजी काय, काळं पत्र्याचं डबडं. वरच्या अंगाला एक बारकी काच, तिला मास्तर भिंग म्हणायचे. डबडं पोटाशी धरायचं, मान खाली घालायची आणि त्या काचेत बघायचं. आरशागत उलटं दिसायचं त्यात, ह्या अंगाचं त्या अंगाला. म्हणून मास्तर सारखं सांगायचे, भिंगात उलटं दिसतंय, मनात सुलटं करून घ्या. फोटो घेतला की चावी फिरवायची. पाठीमागं एक तांबडी काच होती, तिच्यात फुडचा आकडा येईस्तोवर फिरवायची. एका रोलात फोटो आठ. पोरं अकरा. रोल यायचा मुंबैसनं, महिन्यातनं एक मिळाला तर मिळाला. म्हणून भितीवरच्या फळ्यावर खडूनं एक ते आठ आकडे घातल्यालं, आकड्याम्होरं नाव. फोटो घेतला की नावाखाली रेघ. एक पोर, एक फोटो.

“चुकला तर, मास्तर?”

“चुकला तर चुकला. सिनेमावाले चुकत्यात आणि परत घेत्यात. आपल्याला दुसरा रोल न्हाय. आपण चुकायचं न्हाय.”

सिनेमाचं त्येंना ठावं. कंपनीत नटनट्यांचे फोटो काढायचे ते. कंपनीला टाळं लागलं, तवा हितं ह्यो स्टुडिओ टाकला.

रोल संपला की फुडचं काम जिन्याखालच्या खोलीत, जितं पैलवान तेल आणि घुमवायचं लाकडी करेल ठेवायचे. दाराला घोंगडं, कंदिलाला तांबडी काच. समदी पोरं थाळीवर वाकायची. मास्तर थाळी हलवायचे, आणि कोऱ्या कागदावर हळूहळू कुणाचंतरी नाक, कुणाचंतरी कपाळ वर यायचं. मी एकदा च्या द्यायला गेल्तो, तवा बघितलंय. अंगावर काटा आला बगा. पोरं तर श्वास घ्यायची न्हाईत.

त्या पोरांत एकच पोरगी. माझ्या बहिणीची लेक, विमला. आमी इमल म्हणतो. अकरा वर्सांची, दोन वेण्या, गुडघं कायम फुटल्यालं. तिला घ्यायच्या वक्ताला मंडळाचे सेक्रेटरी दत्तोपंत आडवे आले. शाळेतला शिक्षक माणूस, बोलणं सगळं धुतल्यालं.

“मास्तर, तालमीत मुलगी चढलेली बरी दिसत नाही.”

“ती काय हौद्यात उतरत न्हाय, पंत. जिन्यानं माडीवर जाती.”

“उद्या काही झालं तर?”

“तर मी हाय.”

बास. तीन शब्द. दत्तोपंतांनी ते तीन शब्द ध्यानात ठेवलं, आणि इमलनंबी ठेवलं. दर ऐतवारी समद्यांच्या आधी माडीवर जाऊन ती फळा पुसायची.

कॅमेरा मास्तरांच्या घरी आसायचा. एका पोरानं सकाळी घेऊन यायचा, त्यानंच माघारी न्हेऊन ठेवायचा. ही पाळी ठरल्याली. घर स्टुडिओच्या मागंच, ह्या बोळातनं गेलं की आलं.

तर एका ऐतवारी पाचव्या नावाखाली रेघ पडली. सहावा नंबर गुंड्याचा, त्यो फुडच्या ऐतवारी. मास्तर तालमीतनं परस्पर कुणाच्यातरी बारशाला फोटो घ्यायला गेले. पाळी इमलची, ती मास्तरांच्या घरी कॅमेरा कोनाड्यात ठेवून निघाली, तवर आतनं हाक आली.

“इमल, वाईच थांब गं.”

खतिजाचाची. मास्तरांची बायको. सहा महिनं खोकल्यानं पार झिजवून टाकल्याली. खरं त्या दिवशी उठून बसल्याली, हिरवी साडी नेसल्याली, डोळ्यात सुरमा. इमलला वाटलं, कुठंतरी लग्नाला निघाली.

“माझा फोटो काढतीस?”

“मास्तर काढतील की चाची. मोठ्या कॅमेऱ्यानं.”

“त्येंनी काढायचा न्हाय, म्हणून तर तुला म्हणते.”

चाचीचा बाप कुरुंदवाडात मुजावर. लई कडक म्हातारा. लगीन ठरवताना त्यानं मास्तरांकडनं शब्द घेतल्याला, की दुनियेची तोंडं काढा, माझ्या लेकीचं तोंड काढायचं न्हाय. मास्तरांनी चौदा वर्सं पाळला. नटनट्या काढल्या, जहागीरदार काढले, कुणाची कुत्रीबी काढली. घरातल्या बाईचा येक फोटो न्हाय.

“अब्बा गेलं गेल्या साली,” चाची म्हणाली. “खरं शब्द तर ऱ्हायलाच न्हवं. त्येंनी मोडाय नगो. तू काढ. मी गेल्यावर त्येंच्यापाशी कायतरी ऱ्हायला पायजे.”

“कुठं निघालासा चाची?”

“कुरुंदवाडला,” चाची म्हणाली आणि हसली. हसता हसता खोकली.

इमलनं बोट तोंडात घातलं. “आणि गुंड्याचा नंबर?”

“गुंड्याला मी समजावते. सांजा करून घालते त्याला. खरं मास्तरास्नी येक शब्द सांगायचा न्हाय. रोल धुतील तवा आपसूक दिसू दे. थाळीत माझं तोंड वर आलं की त्येंचं तोंड कसं होतंय, ते नीट बग. आणि मला येऊन सांग. आण घे.”

इमलनं आण घेतली.

परसात शेवग्याचं झाड होतं. त्याच्याखाली चाचीला बसवलं. सूर्व्या पाठीमागं घेतला, तर चाचीच्या डोळ्यावर ऊन आलं.

“डोळं मिटू नगा चाची.”

“आगं बया. हुबेहूब मास्तर.”

इमलनं डबडं पोटाशी धरलं, मान खाली घातली. भिंगात चाची बारकी दिसली, अंगठ्याएवढी. गालावर तीळ होता चाचीच्या. भिंगात त्यो एका अंगाला, मान वर करून बघितलं की दुसऱ्या अंगाला. इमलनं दोनदा बघितलं, मनात सुलटं करून घेतलं. मग श्वास दाबला.

खट्.

आणि मग शिकवल्यापरमानं चावी फिरवली. तांबड्या काचेत सात आला, तवाच सोडली. ती चावी फिरवली नसती तर कुणाला काय कळलंच नसतं, पावणं. फुडच्या ऐतवारी गुंड्यानं रोलाच्या त्याच तुकड्यावर म्हशीचा काढला आसता आणि चाचीवर म्हैस आली आसती. तेबी चाललं आसतं. खरं पोरगी शिकल्याली.

त्या गुरवारी चाची गेली.

सगळी गल्ली दारात. मास्तर काय रडले न्हाईत. लोक येत हुते, जात हुते, पोरंबी कोपऱ्यात उभी हुती, आणि मास्तर भितीला टेकून नुस्ते पायाच्या अंगठ्याकडं बघत हुते. वर्ग बंद. चाळिसावा झाला आणि फुडच्या ऐतवारी मास्तर माडीवर आले. दाढी वाढल्याली, शर्टाला मधलं बटण न्हाय. 

गुंड्या म्हैस घेऊनच आल्ता. धुऊन, शिंगास्नी तेल लावून, तालमीच्या दारात खांबाला बांधल्याली. बाप ती म्हैस हातकणंगल्याच्या गिऱ्हाइकाला द्यायचा हुता, ते गिऱ्हाईक त्याच दिवशी दुपारी न्ह्यायला येणार. त्याच्या आधी फोटो. पैलवान म्हशीभोवती गोळा झाल्यालं, येकमेकाला म्हणत हुते, हिच्या शेजारी आमीबी उभं ऱ्हातो की, फोटोत कोण कुठलं ते कळायचंच न्हाय.

मास्तरांनी कॅमेरा उचलला, उलटा केला, तांबड्या काचेत बघितलं. मग फळ्याकडं बघितलं. परत काचेत.

“रेघा किती?”

“पाच,” पोरं म्हणाली.

“मग हितं सहा पायजे. सात का हाय?”

पोरं येकमेकाकडं बघाय लागली.

“माझ्या मास्तरकीत आजवर आकडा चुकला न्हाय. कुणी हात लावला?” आवाज चढला. “माझ्या घरात मयत पडल्याली. तुमी समदी आल्तासा. आत माणसं रडत हुती आणि तुमच्यातलं कुणीतरी कॅमेऱ्याशी खेळत बसलं. व्हय का न्हाय?”

“मास्तर, माझा नंबर गेला?” गुंड्या म्हणाला.

“तुझा नंबर चोरीला गेला, गुंड्या.”

इमल फळ्यापाशी उभी. हातात पुसायचं फडकं. तिनं मला नंतर सांगितलं, मामा, मी म्हटलं वाईच थांबूया. रोलात दोनच ऱ्हायल्यात. एक गुंड्याचा, एक कुणाचातरी. तासाभरात रोल संपंल, जिन्याखाली जाऊ, थाळीत चाची वर ईल. मग मास्तरास्नी समदं कळंलच. मी आण घेतल्याली मामा.

एवढ्यात आरडाओरडा ऐकून दत्तोपंत जिना चढून आले. त्येंनी पोरांकडं बघितलं, मग इमलकडं. एकटी पोरगी ती.

“मी आधीच म्हणालो होतो,” दत्तोपंत म्हणाले.

मास्तर गर्रकन फिरले. “पंत, तिचं नाव घेऊ नगा. ती तसली न्हाय.”

आता सांगा पावणं, त्या पोरीनं त्याच्यावर काय बोलावं? तोंड उघडल्यालं, ते परत मिटलं.

“तीन म्हणेस्तोवर सांगा,” मास्तर म्हणाले. अंगठा कॅमेऱ्याच्या कडीवर. “न्हायतर ह्यो रोल कुणाचाच न्हाय. चोरीचा फोटो मी धुवायचा न्हाय. एक.”

पोरांस्नी वाटलं, भ्या दावत्यात. रोलाचा बोटभर तुकडाबी जपणारा माणूस त्यो.

“दोन.”

खाली म्हैस वरडली. कोणतरी हसलं.

मास्तरांनी तीन म्हटलंच न्हाय. कडी काढली आणि झाकाण उघडलं.

इमल किंचाळली. पळत गेली आणि परकराचा घोळ कॅमेऱ्यावर टाकाय बघितला. खरं मास्तरांनी ती पट्टी वढून भाईर काढल्याली, हातभर, दोन हात, आणि खिडकीत उन्हाम्होरं धरल्याली. सायीच्या रंगाची पट्टी. तिच्यावर काय सुदीक न्हाय.

“बघा. काय दिसतंय? कायबी न्हाय. उजेडानंच फोटो होतोय आणि उजेडानंच मरतोय, किती बारी सांगितलंय…” आणि मग त्येंनी खाली बघितलं. इमलच्या मुठीत पट्टीचं दुसरं टोक. ती ते परकरात गुंडाळत हुती.

“तू?”

इमलनं मान हालवली.

“तू काढलास?”

“व्हय.”

मास्तरांचं तोंड एकदम बारीक झालं म्हणत्यात. चाची गेली तवाबी तसं झालं न्हवतं.

“कशाचा?”

इमल त्या पट्टीकडं बघत ऱ्हायली. मला वाटतंय, आयुष्यात तिनं एवढा येळ कशाकडं बघितलं नसंल. मग मास्तरांकडं बघितलं. दाढी, तुटकं बटण, समदं.

“मांजराचा,” ती म्हणाली.

“मांजराचा?”

“तुमच्या परसात आलतं. शेपटीवालं.”

एक पोरगं फिसकन हसलं. मास्तर फळ्यापाशी गेले आणि आपल्या बाहीनं तिचं नाव पुसलं. फडकं तिच्याच हातात हुतं, तरी बाहीनं पुसलं. दत्तोपंतांनी नुस्ता घसा साफ केला. मंडळानं त्याच आठवड्यात ठराव केला, फुडं वर्गात पोरी घ्यायच्या न्हाईत. गुंड्या म्हैस सोडून घरला घेऊन गेला. दुपारी ती हातकणंगल्याला गेली.

इमल थेट माझ्याकडं आली. हितंच, तुमी बसलाय त्या फळकुटावर बसली. हुंदका न्हाय, कायच न्हाय. च्याच्या भांड्यातल्या वाफेकडं बघत समदं सांगितलं, पयल्यापास्नं. आयकून माझं डोकं फिरलं. मी चूल तशीच सोडली, वहाणा घातल्या. म्हटलं आत्ता जातो, मास्तरला सांगतो, आरं तू केलंस काय.

तिनं माझं धोतर धरलं.

“न्हाय मामा.”

“का न्हाय? पोरीवर चोरीचा आळ आला!”

“आता त्येंनी नुस्ता रोल जाळलाय मामा,” ती म्हणाली. “नुस्ता रोल.”

मी वहाणा काढून ठेवल्या. अकरा वर्सांची पोर, पावणं. माझी शाळा दुसरीत सुटल्याली, मला कुठं एवढं कळतंय.

वर्सभरात वर्गबी बंद पडला. रोल मिळंनात, मास्तरांचंबी मन लागंना. खरं ते मांजर काय त्येंच्या डोक्यातनं गेलं न्हाय. आधी आधी रागानं सांगायचे. पिराजी, तुझ्या भाचीनं मांजरापायी आठ फोटो मारले बघ. मी तिच्यासाठनं पंतांशी भांडलो आणि ती मांजर काढत बसली. मी म्हणायचो, पोर हाय मास्तर. ते म्हणायचे, पोर हाय म्हणूनच इस्वास टाकला की.

मग राग गेला, दुसरंच लागलं. गिऱ्हाईक नसलं की हितं येऊन बसायचे. एक दिवस बशीत च्या वततावतता थांबले.

“पिराजी, खतिजाच्या गालावर तीळ हुता न्हवं?”

“आसंल मास्तर.”

“कुठल्या गालावर?”

“मी कुठं बघितलंय मास्तर? डोकीवरनं पदर आसायचा. मी आपला खाली बघून दुधाचं भांडं द्यायचो.”

“मला आठवंना झालंय,” मास्तर म्हणाले. “डाव्या म्हणून झोपतो, उजव्या म्हणून उठतो. लोकांच्या फोटोतलं तीळ, वण, देवीचं डाग पेन्सिलनं घालवायचं काम माझं. हजार तोंडं अशी घासलीत. आता घरातल्या तोंडावरचा एक तीळ गावंना.”

च्या निवून गेला. मी दुसरा दिला. माझ्या जिभेवर आल्तं, आईशपथ. खरं काय सांगणार? की फोटो हुता?

गेल्या वैशाखात इमलचं लगीन झालं. जावई हातकणंगल्याचा, तितंच स्टेशनात कामाला हाय. मांडव ह्याच गल्लीत. फोटोला मास्तर आले, न बोलावता आले. तीन पायाचा मोठा कॅमेरा, काळं कापड, समदं घेऊन. सात वर्सांत दोघांचं धड बोलणं न्हवतं. ही येताजाता नुस्ती मान खाली घालायची. त्या दिवशी नवरा-नवरी खुर्च्यांवर बसल्याली, भोवती वऱ्हाड, आणि मास्तर तिची मुंडावळ सारखी करायला म्हणून जवळ गेले. मी शेजारीच उभा.

“इमल, एक इचारू?” हळू आवाजात म्हणाले. “तू तर घरात येतजात हुतीस. तुझ्या चाचीच्या कुठल्या गालावर तीळ हुता गं?”

आता बगा. दुसरं कोण आसतं तर गालाला बोट लावून बघितलं आसतं, न्हायतर वर आढ्याकडं बघून आठवलं आसतं. इमलनं तसं केलंच न्हाय. हिरव्या चुड्याचे दोन्ही हात पोटाशी आले. एकाम्होरं एक, मधी डबडं धरल्यागत. मान खाली गेली. मुंडावळ्या लोंबायला लागल्या. त्या रिकाम्या हातांत ती बघत ऱ्हायली आणि श्वास दाबला.

“हिकडं दिसतोय,” ती पुटपुटली. मग मान वर केली. “म्हंजी डाव्या, मास्तर. डाव्या गालावर.”

मास्तर तिच्या हातांकडं बघत हुते. हात अजून तसंच, पोटाशी.

मग ते माघारी गेले आणि कॅमेऱ्यामागं काळ्या कापडात शिरले. वऱ्हाड श्वास रोखून बसलं. लई येळ झाला. पोरं चुळबुळ कराय लागली, ऊन चढलं, नवऱ्याच्या कपाळावरनं घाम निथळाय लागला. मास्तरांची नुस्ती पाठ दिसत हुती, काळ्या कापडाखाली. नवऱ्याचा चुलता वरडला,

“ओ मास्तर, आत झोपलासा काय?”

समदा मांडव हसला. तवा मास्तर भाईर आले. काळ्या कापडाच्या टोकानं आधी काच पुसली, मग त्याच टोकानं तोंड पुसलं. हातात फोटो घ्यायचा रबरी फुगा घेतला.

“इमल, हिकडं बग. मांजर आणलंस का?”

आणि ती हसली. त्यो बघा फोटो, साकरंच्या डब्यामागं लावलाय. समदी म्हणत्यात पोरगी काय हसलीया. मी काय म्हणत न्हाय. तुमीच बघा.

त्या दिवसापास्नं मास्तर ही गोष्ट गिऱ्हाइकास्नी सांगाय लागले. तुमास्नीबी सांगतील. स्टुलावर बसवतील, हनुवटी सारखी करतील, आणि म्हणतील, आमच्या तालमीत एक पोरगी हुती, तिनं चोरून माझ्या परसातल्या मांजराचा फोटो काढला. शेवग्याखाली बसवून काढला. आणि मी येडा, त्यो न बघताच जाळला. मग वाईच थांबतील, फुगा हातात घेतील आणि म्हणतील, आणि गंमत सांगू का, त्या मांजराच्या डाव्या गालावर तीळ हुता.

मांजराच्या गालावर तीळ! गिऱ्हाईक हसतंय आणि तेवढ्यात मास्तर फुगा दाबत्यात. म्हणून त्येंचं फोटो कसं हसरं येत्यात, गावभर नाव हाय.

आधी त्या गोष्टीत शेवगाबी न्हवता आणि तीळबी न्हवता. मी लई बारी ऐकलीय. ना मी त्येंना कायबी सांगितलं, ना इमलनं. ते मला कायबी इचारत न्हाईत, च्याला मातर येत्यात.

गेल्या महिन्यात एक शिकल्याला माणूस गेल्ता आत. चष्मा, पेन. तिळापाशी आल्यावर म्हणाला, मांजराला तीळ नसतो मास्तर, सगळीकडं केस असतात. मी दारात च्या घेऊन उभा. मास्तर फुगा हातात धरून तसंच उभं ऱ्हायले. ऊन काचेवरनं सरकून गेलं. त्या माणसाचा फोटो त्या दिवशी निघालाच न्हाय.

बगा, आलं ऊन काचेवर. कडी वाजली. उठा, टोपी सारखी करा. च्या ऱ्हाऊ द्या, माघारी आल्यावर दुसरा देतो. आणि पावणं, येक करा माझं. मी सांगितलंय म्हणून तोंड पाडून बसू नगा. ते तिळापाशी आले की हसा. मोठ्यानं हसा.